याद्यांतील नवे कलम

कोल्हापूरकडे लग्न ठरते ते याद्यांच्या बैठकीत. दोन्ही घरची वडीलधारी मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसतात, मध्ये पानसुपारीचे तबक असते, आणि भावकीतला सुवाच्य अक्षराचा कोणी गृहस्थ नव्या वहीच्या पहिल्या पानाला हळदकुंकू लावून एकेक कलम लिहीत जातो : मुहूर्त, कार्यालय, जेवणावळ, मानपान, आहेर, वऱ्हाडाच्या गाड्या. गेल्या काही वर्षांत या कलमांच्या शेवटी आणखी एक कलम येऊन बसले आहे. नवराबायकोने परदेशी फिरायला जाणे, असे ते कोठे लिहिले जाते, कोठे नुसते तोंडी ठरते; त्याचा खर्च कोणी सोसावयाचा याविषयी कधी उघड, कधी आडून बोलणे होते; परंतु त्या खर्चापाठीमागे जी तयारी उभी करावी लागते, तिच्याविषयी त्या बैठकीत सहसा कोणी बोलत नाही, कारण बैठकीतील बहुतेकांनी स्वतः कधी पासपोर्ट काढलेला नसतो.

त्यांच्या पिढीचा शिरस्ता निराळा होता. लग्नानंतर जोडीने अंबाबाईची ओटी भरावी, जोतिबाच्या डोंगरावर गुलाल घ्यावा, कुलदैवत खंडोबा असेल तर जेजुरीच्या पायऱ्यांवर नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढाव्यात, आणि हे सर्व यथासांग पार पडल्यावर ऐपत व रजा असेल तर महाबळेश्वर, गोवा किंवा फार तर उटी गाठावी. त्या प्रवासाला लागणारे सामान एका ट्रंकेत मावत असे आणि दाखला असा कोणताच लागत नसे. आज त्याच घरांतील मुले-मुली फुकेत, बाली, मालदीव, दुबई किंवा स्वित्झर्लंडला निघतात, आणि देवदर्शनाचा क्रमही न मोडता निघतात.

या अंकासाठी संपादकांनी 'प्रस्थान' हा विषय सुचविला, तेव्हा राजारामपुरीतील प्रवासकचेऱ्या, महाद्वार रोडवरची दुकाने, मिरचीचे डंक आणि ज्या घरांत लग्नघाई चालू होती अशी काही घरे मी पाहिली. जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, या प्रवासाचे सुखदुःख पैशावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक ते कामांच्या क्रमावर आणि वधू त्या कामांत बरोबरीने आहे की नाही यावर अवलंबून असते.

मुहूर्त आणि मोसम

तारीख ठरविते पंचांग. ठिकाण ठरवावे मात्र मोसमाने. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढातील देवशयनी एकादशीला चातुर्मास लागेपर्यंत चालतात. या सात-आठ महिन्यांत पृथ्वीवरच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवर निरनिराळे ऋतू असतात ही साधी गोष्ट ठिकाण निवडताना विसरली जाते. मालदीव आणि थायलंडचा फुकेत-क्राबीकडील पश्चिम किनारा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कोरडा व शांत असतो. मेनंतर तेथे आपल्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा पाऊस असतो. बालीमध्ये याच्या उलट : नोव्हेंबर ते मार्च पाऊस, एप्रिलनंतर उघाड. मॉरिशसला जानेवारी ते मार्च या काळात चक्रीवादळांचे भय असते. तेव्हा मार्गशीर्ष-पौषातील जोडप्याने जे ठिकाण निवडावे तेच वैशाखातील जोडप्याने निवडू नये. वैशाखातल्या लग्नाला बाली किंवा युरोप, थंडीतल्या लग्नाला मालदीव किंवा फुकेत, एवढे जरी लक्षात ठेवले तरी खोलीच्या काचेतून सरींकडे पाहत बसण्याची वेळ बहुधा येणार नाही.

पैशाचाही आपला एक मोसम आहे. करवीर, कागल, शिरोळ या तालुक्यांतील पुष्कळ लग्नांचा खर्च ऊसबिलावर बेतलेला असतो. ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत बिल अदा करावे असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण ते त्या मुदतीत खात्यावर येईलच या भरवशावर विमानाची तिकिटे काढणे शहाणपणाचे नाही. तिकीट आरंभी स्वस्त असते आणि बिल अखेरीस येते. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याची तजवीज लग्नाच्या इतर खर्चाआधी झाली पाहिजे.

आणि लग्नानंतर लगेच निघू नये. सत्यनारायण, जागरण-गोंधळ, मांडवपरतणी, कुलदैवताचे दर्शन हे विधी तर असतातच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वधूवरांची झोप पुरी झालेली नसते. हळदीपासून वरातीपर्यंत जी मुलगी तीन रात्री धड आडवी झालेली नाही, तिला चौथ्या रात्री मुंबईच्या विमानतळावर उभी करणे मला निष्ठुरपणाचे वाटते. आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवलेली जोडपी सुखाने फिरून येतात असे प्रवासकचेऱ्यांतील अनुभवी माणसे सांगतात, आणि कार्यालयाच्या दारातून थेट विमानतळाकडे जाणारी 'पॅकेजे' विकण्याचे त्यांच्यापैकी काहीजण टाळतातही.

नाव, मेंदी आणि दस्तऐवज

आपल्याकडे लग्नात वधूचे केवळ आडनावच बदलत नाही. अनेक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे पाळण्याबाहेरचे नाव लिहिले जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून सासर तिला त्या नावाने हाक मारू लागते. हा संस्कार ज्याला प्रिय असेल त्याने तो अवश्य करावा. विमानाचे तिकीट मात्र पासपोर्टावरील नावानेच निघाले पाहिजे, अक्षराला अक्षर लावून. प्रवासकचेरीत हौसेने सासरचे नाव सांगणारा दीर आणि पासपोर्टावर माहेरचे नाव असलेली भावजय, ही जोडी त्या कचेऱ्यांतील माणसांच्या चांगलीच परिचयाची आहे, आणि म्हणूनच आता ते नाव विचारीत नाहीत, पासपोर्टाची प्रत मागतात. विवाहानंतर पासपोर्टावरील नाव बदललेच पाहिजे असा कोणताही नियम नाही. माहेरच्या नावाचा, मुदतीत असलेला पासपोर्ट प्रवासाला पूर्णपणे चालतो. बदल करावयाचाच तर तो परत आल्यावर, स्वस्थपणे आणि तिची इच्छा असेल तर करावा. लग्न आणि प्रवास यांच्या मधल्या आठवड्यात नाव बदलण्यासाठी अर्ज करणे म्हणजे चालता पासपोर्ट हातचा घालवून नव्याची वाट पाहत बसणे होय.

ज्यांच्याजवळ पासपोर्टच नाही त्यांच्यासाठी वाट आता सोपी झाली आहे. पूर्वी या कामासाठी पुण्याची वारी अटळ होती. २०१७ पासून टपाल खात्याच्या इमारतींतून पासपोर्ट सेवा केंद्रे उघडण्याची योजना सुरू झाली आणि कोल्हापूरला तिचा लाभ मिळाला. निर्णय अद्यापि पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाचा असतो, पण कागद दाखविणे, बोटांचे ठसे, छायाचित्र हे येथेच होते. छत्तीस पानी पासपोर्टाचे साधे शुल्क १५०० रुपये, तातडीचा हवा तर आणखी २०००. त्यानंतर पोलीस ठाण्याकडून पत्त्याची खातरजमा होते. ती होताना मुलगी त्या पत्त्यावर भेटली पाहिजे. म्हणून हे काम तिच्या माहेरच्या मुक्कामातच उरकले पाहिजे. बहुतेक देश प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट मागतात. सबब जुना पासपोर्ट कपाटात आहे एवढ्यावर समाधान न मानता त्याच्या मुदतीची तारीख पाहून ठेवावी.

युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल तर सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागतात, प्रसंगी ४५ ही, आणि तेवढा काळ पासपोर्ट वकिलातीच्याच ताब्यात असतो. यासाठी मुंबई किंवा पुण्याचे अर्जकेंद्र जातीने गाठावे लागते, कारण दहाही बोटांचे ठसे द्यावयाचे असतात. येथे एक गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते : बोटांच्या पेरांवर मेंदी गडद रंगलेली असली तर ठसा स्पष्ट उमटत नाही. ब्रिटनच्या व्हिसाच्या सूचनांत तर बोटांवर मेंदी नसावी असे स्पष्टच सांगितलेले असते. छायाचित्राचेही तसेच, हळदीने पिवळा झालेला चेहरा पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढून घेण्यापेक्षा हळदीच्या आधीच छायाचित्र काढून ठेवावे. सारांश, परदेशी कचेऱ्यांचे काम मेंदीच्या आधी संपले पाहिजे, आणि याद्यांच्या बैठकीत तारखा ठरतात त्या वेळीच त्याची तारीख ठरली पाहिजे.

विवाहनोंदणीचा दाखला सर्वत्र लागतोच असे नाही. तथापि पतिपत्नी म्हणून एकत्र अर्ज करताना तो जवळ असणे हिताचे. १९९८ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाप्रमाणे शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे ही नोंद होते. वधू, वर, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही एवढे त्याला लागते. भटजींची सही मांडवातच घेऊन ठेवावी. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावच्या मांडवात असतात.

आणखी एक सूचना श्रद्धाळू घरांसाठी. नवा पासपोर्ट देवापुढे ठेवून त्यावर कुंकवाचे बोट उमटविण्याची हौस मी एकाहून अधिक घरांत पाहिली. पाकिटाला कुंकू लावावे. पुस्तिकेच्या पानांना लावू नये. डागाळलेला पासपोर्ट परक्या सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याला खराब केलेला दस्तऐवज वाटू शकतो, आणि त्याच्याशी वाद घालण्याची सोय नसते.

आर्नो नदीच्या काठी

कोल्हापूरला परदेशगमन नवे नाही. सुएझचा कालवा खुला होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, १८७० साली, वीस वर्षांचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले. हिंदू नरेशाने समुद्रपर्यटन करणे हे त्या काळी केवढे धाडस होते, ते आज कल्पनेनेच जाणावे लागेल. त्यांच्याबरोबर कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी होता आणि आपला सेवकवर्ग होता; महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत, आणि ती वेस्टने संपादित करून १८७२ साली प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर युरोपच्या थंडीत त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला. तेथल्या नगराधिकाऱ्यांच्या परवानगीने आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. त्या जागी १८७४ साली छत्री उभारली गेली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा योजला त्याच स्थापत्यकाराचा. जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही त्या हिंदी राजपुत्राच्या स्मरणाने ओळखतात.

युरोपच्या सहलीला जाणारी कोल्हापूरची कितीतरी जोडपी फ्लॉरेन्समध्ये एक दिवस घालवितात आणि कासिने उद्यानाच्या टोकाशी असलेल्या या छत्रीपर्यंत न जाताच परततात, याचे मला वाईट वाटते. प्रवासकचेऱ्यांनी ती जागा आपल्या कार्यक्रमात घालावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

पण हा प्रसंग मी येथे आठविला तो आणखी एका कारणासाठी. ज्याच्या दिमतीला संस्थान होते त्याचीही प्रकृती परक्या हवेत बिघडली. मग ज्यांच्याजवळ फक्त एक बॅग आहे त्यांनी या शक्यतेचा विचार अशुभ म्हणून टाळू नये. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि त्यात उपचारांबरोबर मायदेशी परत आणण्याचा खर्चही अंतर्भूत असावा लागतो. थायलंड किंवा बालीसाठी तशी सक्ती नसते म्हणून विमा वगळला जातो, आणि तेथेच जोडपी भाड्याच्या दुचाकीवर बसतात. दुचाकीचा अपघात विम्यात धरला जातो की नाही, त्यासाठी कोणता परवाना लागतो, हे विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते दोघांनी एकत्र बसून वाचावे.

डंकावरची चटणी

मिरचीच्या डंकावर फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत रांग असते. बायका भाजलेल्या मिरच्या, कांदा, लसूण, खोबरे, तीळ, धने आणि गरम मसाल्याची पुरचुंडी घेऊन येतात. लोखंडी मुसळे एकामागून एक आदळत राहतात, आणि नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या त्या बायकांच्या गप्पांतून गावातल्या लग्नांची साद्यंत माहिती मिळते. अशाच एका रांगेत एक आत्याबाई भाचा दुबईला निघाला म्हणून दोन किलो चटणी वेगळी कांडून घेत होत्या. "तिथलं मिळमिळीत त्येला न्हाई सोसायचं," असे त्यांचे म्हणणे होते, आणि कोल्हापूरच्या कोणत्याही माणसाला ते अमान्य करता येणार नाही.

परंतु आत्याबाईंच्या पुरचुंडीत खसखस होती. आपल्याकडे अनेक घरांच्या कांदा-लसूण चटणीत ती असते. करंजीच्या सारणात असते, अनारशाच्या पाठीवर असते, डिंकाच्या लाडवात असते, म्हणजे रुखवताच्या निम्म्या डब्यांत असते. संयुक्त अरब अमिरातीत ही खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे. अफूच्या बोंडातले बी, एवढीच त्या कायद्याच्या दृष्टीने तिची ओळख. सिंगापुरातही तिच्यावर कडक निर्बंध आहेत. नकळत आणली हा बचाव तेथे सहज मान्य होत नाही. दुबईला जाणाऱ्यांची चटणी निराळी कांडावी, तिच्यात खसखस घालू नये, आणि रुखवतातले अनारसे घरच्यांनीच खावेत, हे मी त्या आत्याबाईंना सांगितले. त्यांनी पुरचुंडी सोडून मसाला पुन्हा निवडायला घेतला, आणि रांगेतल्या इतर बायकांनीही आपापल्या परदेशी पाहुण्यांची नावे काढून चौकशी आरंभिली.

दुसरी वस्तू खोबऱ्याची वाटी. नववधूची ओटी तांदूळ आणि खोबऱ्याच्या वाटीने भरतात, आणि निघताना सासू ती ओटी पदराला बांधून किंवा पर्समध्ये घालून देते. सुक्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण इतके असते की ते ज्वालाग्राही मानले जाते, आणि विमानात त्याला मज्जाव आहे. ओटी घरी भरावी, वाटी देवघरात ठेवून निघावे. मालदीवला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : पूजेच्या मूर्ती आणि मद्य तेथे प्रवाशाला नेता येत नाही. लग्नात मिळालेला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा घरच्या देव्हाऱ्यातच सुखरूप असतात. युरोपात दूध व मांस यांच्या पदार्थांवर बंदी असल्याने खवा, पेढे आणि सुक्या मटणाचे डबे काढून ठेवावेत.

मग न्यावे तरी काय? मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, चिवडा, भाजणीच्या चकल्या. पाकीट बंद केलेले, नाव लिहिलेले, मोठ्या बॅगेत ठेवलेले. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही. लोणच्याच्या तेलाला द्रवाचा नियम लागू होतो, आणि तो नियम, म्हणजे हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नसावी, हा २००६ साली लंडनमध्ये विमाने उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यापासून जगभर रूढ झाला.

सामानाची बांधाबांध

बॅग भरण्याच्या कामात घरातील प्रत्येकाला मत असते. मी पाहिलेल्या एका घरात पलंगावर दोन नव्या बॅगा उघड्या होत्या, सभोवती काकू, मावशी, करवली उभ्या होत्या, आणि जिला जायचे होते ती मुलगी दाराशी. तिला काय हवे हे तिला कोणी विचारले नव्हते. जड काठाच्या चार साड्या आत गेल्या होत्या. समुद्रकाठच्या पाच दिवसांत त्या कोठे नेसावयाच्या, याचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता.

विमानकंपन्यांचे माप ठरलेले असते : हातात बहुधा ७ किलो, मोठ्या बॅगेत तिकिटाप्रमाणे २० ते ३० किलो, आणि कोणतीही एक बॅग ३२ किलोंहून जड चालत नाही. घरी ताणकाटा असतोच. बॅग त्याला अडकवून वजन पाहावे आणि परतीच्या भेटवस्तूंसाठी चार-पाच किलो जागा सोडावी. देशांतर्गत विमानाने मुंबईला जाऊन पुढे दुसऱ्या कंपनीचे विमान असेल तर दोन्हींपैकी जे माप लहान तेच आपले माप.

सर्वांत उपयुक्त युक्ती मला एका अनुभवी सहलव्यवस्थापकाने सांगितली. नवऱ्याची एक बॅग आणि बायकोची एक बॅग असे भरू नये. दोघांचेही निम्मे-निम्मे कपडे दोन्ही बॅगांत घालावेत. एक बॅग मागे राहिली, आणि अशा गोष्टी घडतात, तर दोघांनाही दोन दिवस निभावता येते. नव्याने लग्न झालेल्या मुलीला आपले कपडे अद्याप अनोळखी वाटणाऱ्या माणसाच्या बॅगेत ठेवताना संकोच होतो. पण सोबतीला सरावण्याची सुरुवात याहून साध्या कामाने क्वचितच होत असेल. हातातल्या पिशवीत मात्र प्रत्येकाने आपला एक पूर्ण जोड, औषधे आणि कागद ठेवावेत.

मोबाईलसाठी नेली जाणारी वीजपेढी, जिला सगळेच पॉवर बँक म्हणतात, ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते. मोठ्या बॅगेत तिला सक्त बंदी, कारण लिथियमला लागलेली आग सामानाच्या कोठारात कोणाच्या लक्षात येत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची विनापरवानगी चालते. बाजारातली २०,००० मिलिअँपिअर-तासांची साधारण ७४ वॉट-तासांची असते. दुबई, सिंगापूर, मलेशियाला तीन चौकोनी पायांची पिन लागते, बालीला व युरोपात दोन गोल पायांची, आणि स्वित्झर्लंडची आणखी निराळी. महाद्वार रोडवर मिळणारा सर्वदेशी जोड एकच घेतला तरी भागते.

पायांविषयी दोन शब्द. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि नव्या नवरदेवाला चप्पल लाईनवरून नवी जोडी घेतल्यावाचून राहवत नाही. ती वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेल्या कातड्याची असते. पाणी तिला सोसत नाही. समुद्रकिनारी आणि बर्फात ती नेऊ नये. उलट, प्रवासासाठी घेतलेले नवे बूट बॅगेत कोरे ठेवण्याऐवजी आधी पंधरा दिवस रंकाळ्याभोवती रोज एक फेरी घालून पायात बसवून घ्यावेत. तेवढ्या फेऱ्यांत, लग्न ठरलेल्या पण एकमेकांशी अजून मोकळे न झालेल्या दोघांना बोलायलाही वेळ मिळतो.

दागिन्यांच्या बाबतीत मी ठाम आहे. साज, ठुशी, पाटल्या लॉकरमध्ये ठेवून निघावे. एक छोटे मंगळसूत्र आणि हिरवा चुडा पुरे. जोडवी, पैंजण यांना तपासयंत्र बोलते; पडद्याआड महिला शिपाई हाताने तपासते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते. मौल्यवान दागिना न्यायचाच असेल तर निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात दाखला करून घ्यावा, म्हणजे परतताना तोच दागिना बाहेरून आणला असे समजून जकात मागितली जात नाही.

देहाची काळजी

ज्या विषयावर याद्यांत, पाहुण्यांत, कोठेच बोलले जात नाही तो विषय बॅगेत मात्र असला पाहिजे. लग्नाच्या तारखांसाठी मासिक पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या अनेक मुलींना नात्यातल्या बायका आपल्या मनाने देतात, आणि प्रवासासाठी त्या आणखी लांबविल्या जातात. काही प्रकृतींना या गोळ्या धोक्याच्या असतात, आणि लांब विमानप्रवासात तासन्‌तास बसून राहिल्याने पायांत रक्त साकळण्याचा संभवही असतो. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. त्याच भेटीत संततिनियमनाविषयीही दोघांनी मिळून विचारावे. हे लग्नाच्या आधी व्हावे, परक्या शहरातल्या औषधदुकानात खुणांनी विचारण्याची पाळी येऊ नये.

ताप, जुलाब, मळमळ, ॲलर्जी यांची औषधे आणि जीवनमिठाची पाकिटे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे. आपल्याकडे सहज मिळणारी काही वेदनाशामके व खोकल्याची औषधे, विशेषतः ज्यांत ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असते ती, अमिरातीत पूर्वपरवानगीवाचून नेता येत नाहीत. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोखचे स्थानक समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटरवर आहे. तेथे विरळ हवेने डोके दुखते, आणि पन्हाळ्याच्या थंडीसाठी घेतलेला स्वेटर तेथे पुरत नाही. एका जाड कोटापेक्षा अंगालगतचे उबदार कपडे, मधला लोकरी थर आणि वरचा वारा अडविणारा थर असे तीन पातळ थर अधिक कामाचे.

पासपोर्ट कोणाच्या हाती

प्रवासकचेरीत पैसे भरताना पॅन क्रमांक मागितला जातो, कारण परदेशी सहलीच्या रकमेवर मूळ ठिकाणीच कर जमा होतो. ज्याच्या पॅनवर तो जमा होतो त्यालाच तो आयकर विवरणात वळता करून घेता येतो. मुलीच्या वडिलांनी खर्च सोसला आणि पॅन जावयाचा दिला, तर हिशेब चुकतो. विदेशी चलनाच्या नोटा माणशी ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात आणि भारतीय रुपये २५,००० पर्यंत. रोख थोडी, बाकी फॉरेक्स कार्डावर, आणि दुकानदाराने यंत्रावर रुपयांत द्यायचे की तेथल्या चलनात असे विचारले तर नेहमी तेथल्या चलनात द्यावे. रुपयांचा पर्याय महागात पडतो.

पण पैशाहूनही मला महत्त्वाचे वाटते ते हे : दोघांचे पासपोर्ट, दोघांचे पैसे आणि सगळे कागद नवऱ्याच्या एका पाऊचमध्ये ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती सोडून द्यावी. सामान हरविण्याच्या दृष्टीने ती धोक्याची आहेच. पण परक्या देशात, भाषा न कळणाऱ्या मुलुखात, नवपरिणीत स्त्रीच्या हाती स्वतःचा पासपोर्ट, स्वतःचे कार्ड, स्वतःचा चालू मोबाईल, मुक्कामाचा पत्ता आणि भारतीय वकिलातीचा दूरध्वनी नसणे हे तिच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने मला मुळीच मान्य नाही. बहुतेक विवाह सुखाचे असतात. तरीही गर्दीत चुकामूक होते, नवरा आजारी पडतो, भांडणही होते. अशा घटकेला तिला कोणाकडे हात पसरावा लागू नये. मुलीच्या आईने रुखवतात जे काही मांडायचे ते मांडावे, पण मुलीच्या नावाचे एक कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक तिला पाठ करून द्यावा. कागदांच्या छायाप्रती दोघांच्या मोबाईलमध्ये आणि एक संच घरी ठेवावा.

उजळाईवाडी, मोपा की महालक्ष्मी

कोल्हापूरचे उजळाईवाडी येथील विमानतळ तिसऱ्या राजाराम महाराजांच्या काळात, ५ जानेवारी १९३९ रोजी सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये तेथे नवे टर्मिनल उभे राहिले. तेथून मुंबई, बंगळूर, हैदराबादकडे जाता येते, परदेशी मात्र थेट नाही. पुण्याहून मोजकी आंतरराष्ट्रीय उड्डाणे आहेत, २०२३ पासून गोव्याच्या मोपा विमानतळाचाही पर्याय झाला आहे, आणि बाकी सर्वांसाठी मुंबई. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी पोहोचविते. तिच्यात सामान घेऊन झोपून जाता येते म्हणून घरच्यांचा कल तिच्याकडे असतो. महामार्गाने जावे तर सातारा-कागल टप्प्याच्या सहापदरीकरणाने वेळेचा अंदाज चुकतो.

मालदीवला जाणाऱ्यांनी मालेला पोहोचण्याची वेळ विशेष पाहावी. दूरच्या बेटांवर नेणारी समुद्रविमाने केवळ दिवसाउजेडी उडतात. संध्याकाळी माले गाठणाऱ्याला ती रात्र तेथेच काढावी लागते, आणि बेटावरील खोलीचे त्या रात्रीचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच मुक्कामाच्या बेटाला जलद नौका जाते की समुद्रविमान, हे विचारून घ्यावे.

कोल्हापूरहून मुंबईचे विमान आणि मुंबईहून पुढचे विमान निरनिराळ्या तिकिटांवर असेल, तर पहिले उशिरा पोहोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचणे, सामान पुन्हा सोपविणे, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाणे, हे सर्व हिशेबात धरले तर दुपारच्या विमानाने जाऊन रात्रीचे विमान पकडण्याचा बेत फार घट्ट ठरतो. आदल्या रात्री महालक्ष्मीने निघावे, लालबाग-परळच्या एखाद्या चुलत्याकडे दिवसा अंघोळ, जेवण आणि दुपारची झोप घ्यावी, सायंकाळी पासपोर्ट ज्याचा त्याच्या हाती आहे हे पाहून विमानतळाकडे निघावे. मुंबईतले ते चुलतेही बहुधा हाच सल्ला देतात आणि जोडप्याला टॅक्सीत बसवून देण्यासाठी स्वतः खाली उतरतात.